१,०७,६०१ जागा आणि मित्राचा एक प्रश्न

परवा आमच्या दहावीच्या बॅचच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड आलं. वरून काढलेला फोटो. जमिनीत खोल गेलेली एक प्रचंड परात, काठोकाठ माणसांनी भरलेली. खाली मजकूर: "हे अमेरिकेतल्या एका कॉलेजचं स्टेडियम आहे. एक लाख सात हजार लोक बसतात. आणि आपण?" पुढे नेहमीचे हात जोडलेले आणि रडणारे इमोजी.

दहा-बारा जणांनी अंगठे दिले. कुणी लिहिलं, "म्हणूनच ते पुढे आहेत." कुणी लिहिलं, "आपल्या कॉलेजच्या मैदानात म्हशी." मग आमच्याच बॅचमधल्या एका मित्राचा मेसेज आला. त्याला लहानपणी पोलिओ झाला, शाळेत कुबड्या होत्या, आता व्हीलचेअर आहे. शाळेत आम्ही खेळायचो तेव्हा तो बांधावर बसून स्कोअर लिहायचा. त्याने एवढंच विचारलं, "तिथे व्हीलचेअर जाते का रे?"

कुणीच उत्तर दिलं नाही. ग्रुपवर गुड मॉर्निंग सुरू झालं.

मी तालुक्याच्या गावात पत्रकारिता करतो. विस्तारीकरण, नूतनीकरण, भव्य, अत्याधुनिक हे शब्द मी दर आठवड्याला टाइप करतो. कशाचंही उद्घाटन असलं की पाहुणे आधी आकडा सांगतात. किती कोटी, किती चौरस फूट, किती क्षमता. त्या आकड्यात कोण बसतं आणि कोण बसत नाही हे ना पाहुणे सांगतात, ना आम्ही विचारतो. म्हणून म्हटलं, या मित्राच्या प्रश्नाचं तरी नीट उत्तर शोधू. दोन रात्री वाचत बसलो. जे सापडलं ते लिहितोय. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन वाचा.

तर, फोटोतलं स्टेडियम मिशिगन विद्यापीठाचं. गाव अ‍ॅन आर्बर, डेट्रॉइटपासून जवळ. गावाची लोकसंख्या २०२० च्या जनगणनेत सव्वा लाखाच्या आत. म्हणजे मॅचच्या दिवशी जवळजवळ गावाएवढी माणसं एका खड्ड्यात बसतात. तिथले लोक त्याला 'बिग हाऊस' म्हणतात. आणि फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा फुटबॉल नाही बरं का. हेल्मेट घालून, लांबट चेंडू हातात घेऊन एकमेकांवर आदळायचा तो अमेरिकन फुटबॉल. विद्यापीठाच्या संघाच्या घरच्या मॅचेस वर्षाला सात-आठ. एवढ्या सात-आठ दिवसांसाठी हा सगळा पसारा.

फॉरवर्डमधला आकडा खरा आहे. आजची अधिकृत क्षमता १,०७,६०१. तो शेवटचा 'एक' गंमतीचा आहे. फ्रिट्झ क्रिसलर नावाचे इथले मोठे प्रशिक्षक आणि नंतरचे क्रीडा संचालक होते. त्यांच्या मानाची म्हणून एक जागा जास्त धरतात. १९५६ पासून क्षमता कितीही बदलो, शेवटी एक येतोच. ती जागा नेमकी कुठली, हे गुपित.

आता मूळ गोष्ट. हे स्टेडियम बांधलं १९२७ मध्ये. बांधणारा माणूस फील्डिंग योस्ट. १९०१ पासून तिथला प्रशिक्षक, पुढे क्रीडा संचालक. जुनं मैदान होतं, तिथे चाळीस हजारांच्या वर माणसं मावत होती. पण शेजारच्या ओहायो स्टेटने १९२२ मध्ये मोठं स्टेडियम बांधलं होतं, इलिनॉयने १९२३ मध्ये बांधलं होतं. योस्टला एक लाखाच्या वरचं हवं होतं.

आणि इथे पहिली गोष्ट सांगण्यासारखी आहे. विद्यापीठातल्या प्राध्यापकांनी विचारलं, हे कशाला? विद्यापीठ शिकवण्यासाठी आहे की तिकिटं विकण्यासाठी? समिती नेमली गेली. १९२६ मध्ये अहवाल आला. स्टेडियम बांधा, पण साधं बांधा, स्मारक करू नका, आणि खेळाचा कारभार बघणाऱ्या मंडळात प्राध्यापकांचं बहुमत ठेवा, असं त्या अहवालाचं सांगणं. विद्यापीठाच्या नियामक मंडळाने ७२ हजार आसनांना परवानगी दिली. हे मंडळ, म्हणजे रीजंट्स, राज्यातले मतदार थेट निवडून देतात. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

योस्टने ७२ हजार मान्य केले, पण पाया भरताना पुढे लाखाच्या वर जाता येईल अशी सोय करून ठेवली. खर्च ९ लाख ५० हजार डॉलर. कामाला जमीन इतकी पाणथळ निघाली की एक क्रेनच रुतून गेली आणि ती अजून मैदानाखाली आहे, अशी दंतकथा आहे. १ ऑक्टोबर १९२७ ला पहिली मॅच झाली. त्याच महिन्यात ओहायो स्टेटविरुद्ध रीतसर उद्घाटन झालं तेव्हा तात्पुरती लाकडी बाकं टाकून ८४ हजारांवर माणसं बसवली होती. म्हणजे मंजुरी ७२ हजारांची आणि पहिल्याच महिन्यात ८४ हजार. आमच्या बांधकाम खात्यातल्या मित्रांना योस्ट आवडेल!

पैसे कुठून आले? करातून नाही. ५०० डॉलरचे ३ हजार बॉण्ड काढले. व्याज ३ टक्के. आणि वर आमिष असं की बॉण्ड घेणाऱ्याला पुढची दहा वर्षं मैदानाच्या मधल्या भागासमोरची, म्हणजे सगळ्यात चांगली, तिकिटं विकत घेण्याचा हक्क. त्या काळी फोर्डची साधी मॉडेल टी गाडी ३०० डॉलरच्या आत मिळायची. म्हणजे गाडीपेक्षा महाग बॉण्ड ज्याला परवडला, तो मध्ये बसला. बाकीचे कोपऱ्यात. हे सांगायचं कारण असं की आज तिथले जुने लोकही म्हणतात, पूर्वी आमच्या स्टेडियममध्ये सगळे एका बाकावर बसायचे. बाक एकच होतं हे खरं. बाकावरची जागा पहिल्या दिवसापासून पैशानेच ठरत होती.

योस्टच्या बाजूनेही बोललं पाहिजे. 'खेळ सगळ्यांसाठी' ही त्याची घोषणा होती आणि फुटबॉलच्या कमाईतून त्याने खरोखर इतर सोयी केल्या. १९२८ मध्ये साध्या विद्यार्थ्यांना खेळता यावं म्हणून वेगळी इमारत उभी राहिली. अशा प्रकारची ती अमेरिकेतली पहिली मानतात. मुलींच्या खेळासाठी इमारत झाली, गोल्फचं मैदान झालं. एका खेळाची कमाई बाकीच्यांच्या कामाला आली. हे मॉडेल वाईट म्हणता येत नाही.

पण 'सगळ्यांसाठी' मधले सगळे म्हणजे कोण?

२० ऑक्टोबर १९३४. याच स्टेडियममध्ये जॉर्जिया टेकविरुद्ध मॅच. जॉर्जिया टेक दक्षिणेतलं, गोऱ्यांचं कॉलेज. त्यांनी कळवलं, तुमच्या संघात काळा खेळाडू असेल तर आम्ही मैदानात उतरणार नाही. मिशिगनच्या संघात विलिस वॉर्ड होता. त्याच्या आधी जवळपास चाळीस वर्षं मिशिगनच्या फुटबॉल संघात एकही काळा खेळाडू नियमित खेळलेला नव्हता. विद्यार्थ्यांनी निषेध केला, सह्या गोळा केल्या, सभा घेतली. योस्टने काय केलं? विरोध करणाऱ्या विद्यार्थ्यांवर पाळत ठेवायला खासगी गुप्तहेर नेमला. आणि वॉर्डला बाहेर ठेवलं.

त्या संघात वॉर्डचा एक गोरा मित्र होता, दौऱ्यावर दोघं एकाच खोलीत राहायचे. हा अन्याय बघून त्याने संघ सोडायचा विचार केला होता. त्याचं नाव जेराल्ड फोर्ड. तेच, पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झाले ते. म्हातारपणी, १९९९ मध्ये, फोर्ड यांनी वर्तमानपत्रात लेख लिहून विद्यापीठ प्रवेशातल्या वंशविषयक धोरणाची बाजू घेतली, तेव्हा त्यात वॉर्डची आठवण होती. पासष्ट वर्षं ती गोष्ट त्यांच्या मनात राहिली होती. मिशिगनने ती मॅच ९-२ अशी जिंकली आणि त्या अख्ख्या हंगामात तेवढी एकच मॅच जिंकली. वॉर्ड पुढे वकील झाला, न्यायाधीश झाला.

या गोष्टीवर मी थोडा वेळ थांबलो. ८० हजारांहून जास्त माणसं मावणारं स्टेडियम आणि त्यात एका माणसाला उभं राहायला जागा नाही. तीही प्रेक्षकात नव्हे, मैदानात, स्वतःच्या संघात.

पुढे स्टेडियम वाढत गेलं. १९४९ मध्ये लाकडी बाकं काढून पक्की पोलादी बाकं आली, क्षमता ९७,२३९. १९५६ मध्ये १,०१,००१. योस्टने पाया भरताना जे मनात धरलं होतं ते तीस वर्षांनी पूर्ण झालं, तोवर तो वारला होता. १९७५ च्या नोव्हेंबरपासून घरच्या प्रत्येक मॅचला लाखाच्या वर गर्दी, हा विक्रम कोरोनापर्यंत तुटला नाही. १९६४ मध्ये अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी याच मैदानात पदवीदान समारंभात गरिबी आणि वंशभेद संपवण्याची भाषा करत आपल्या 'ग्रेट सोसायटी'चा कार्यक्रम मांडला. म्हणजे वॉर्डला बाहेर ठेवलं त्याच मैदानात, तीस वर्षांनी. आणि मॅचच्या आधी मैदानात वाजवत येणारा विद्यापीठाचा प्रसिद्ध बँड आहे ना, त्यात मुलींना १९७२ पर्यंत प्रवेश नव्हता. स्टेडियम ४५ वर्षांचं झाल्यावर मुली त्या बोगद्यातून वाजवत बाहेर आल्या.

१९९८ मध्ये क्षमता १,०७,५०१ झाली. आणि मग आलं मोठं विस्तारीकरण, ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलो.

२००६ च्या सुमारास विद्यापीठाने योजना आणली. दोन्ही बाजूंना उंच इमारती उभ्या करायच्या. वर काचेचे खासगी बॉक्स, ऐंशीहून अधिक. त्याखाली गादीच्या क्लब सीट्स, तीन हजारांच्या आसपास. खर्च २२ कोटी ६० लाख डॉलर. बॉक्सचं भाडं वर्षाला ५५ हजार डॉलरपासून पुढे. युक्तिवाद असा की बॉक्सच्या पैशातून कर्ज फिटेल, स्वच्छतागृहं वाढतील, बाकं आणि वाटा रुंद होतील, साध्या प्रेक्षकाचाही फायदा होईल.

गावात भांडण पेटलं. माजी विद्यार्थ्यांनी 'बिग हाऊस वाचवा' म्हणून मोहीम काढली. त्यांचं म्हणणं, इथे कारखान्यातला कामगार आणि कारखान्याचा मालक एकाच बाकावर, एकाच पावसात भिजत बसतो, हीच या जागेची ओळख आहे, ती विकू नका. रीजंट्सच्या मतदानात मतं फुटली. बहुमताने योजना पास झाली, पण विरोधात मतदान करणारे होते आणि ते कोण हे लोकांना माहीत होतं. कारण हे लोक निवडून आलेले, आणि मतदान उघड.

खरं सांगू? या भांडणात माझं मन आधी बॉक्सविरोधकांकडे गेलं. आपण कोपऱ्यातल्या बाकावरचे लोक. पण बॉण्डची गोष्ट वाचल्यावर वाटलं, समतेचा तो काळ जेवढा सांगतात तेवढा समतेचा नव्हता. आणि गंमत म्हणजे बॉक्स हवेत की नकोत या भांडणात, दोन्ही बाजूंच्या बहुतेक लोकांना एक प्रश्न आठवला नाही. तो माझ्या मित्राचा प्रश्न.

तो विचारला मिशिगनमधल्या पॅरलाइज्ड व्हेटरन्स या संघटनेने. मणक्याला इजा झालेले माजी सैनिक. देशासाठी लढून व्हीलचेअरवर आलेली माणसं. एप्रिल २००७ मध्ये त्यांनी विद्यापीठावर खटला भरला.

आकडे बघा. एक लाख सात हजार पाचशे एक जागा आणि व्हीलचेअरसाठी शंभराच्या आत. त्याही सगळ्या कडेला. अमेरिकेत १९९० मध्ये अपंगांच्या हक्कांचा कायदा झाला. त्याच्या नियमाप्रमाणे अशी जागा नव्याने बांधली किंवा बदलली तर ढोबळमानाने शंभरात एक जागा व्हीलचेअरची हवी. म्हणजे हजाराच्या वर. विद्यापीठ म्हणालं, आमचं स्टेडियम १९२७ चं आहे, कायद्याच्या आधीचं. संघटना म्हणाली, अहो, पण गेल्या काही वर्षांत तुम्ही टप्प्याटप्प्याने काँक्रीट बदललंत, बाकं बदललीत, तेव्हा कायदा होता. यावर विद्यापीठाचं उत्तर: ते नूतनीकरण नाही, ती दुरुस्ती होती.

हे वाचून मी हसलो आणि मग हसू गेलं. कारण ही युक्ती मला नवीन नाही. काम केलं की कायदा लागतो, म्हणून कामाला दुसरं नाव द्यायचं. बिल काढताना ते 'विकासकाम' आणि नियम लावताना ती 'किरकोळ दुरुस्ती'. हे अमेरिकेतलं नावाजलेलं विद्यापीठ, ज्याच्याकडे स्वतःचं कायद्याचं कॉलेज आहे, तेही हेच म्हणालं.

पण तिथे गोष्ट संपली नाही. केंद्राच्या शिक्षण खात्याने तपासून सांगितलं की विद्यापीठ चुकतंय. मग अमेरिकेचं न्याय खातं स्वतः त्या खटल्यात माजी सैनिकांच्या बाजूने उतरलं. मार्च २००८ मध्ये तडजोड झाली. परातीत वेगवेगळ्या ठिकाणी व्हीलचेअरच्या जागा करायच्या, आणि २०१० मध्ये विस्तारीकरण पूर्ण होईल तेव्हा एकूण ३२९ झाल्या पाहिजेत, प्रत्येकीशेजारी सोबतच्या माणसाला बसायला जागा.

आणि आता ज्यांना आकड्याचं फार कौतुक आहे त्यांच्यासाठी. २००८ च्या हंगामात मिशिगन स्टेडियमची अधिकृत क्षमता १,०६,२०१ वर आली. कॉलेज फुटबॉलमधलं सगळ्यात मोठं स्टेडियम हा मान दोन हंगाम पेन्सिल्व्हेनियातल्या पेन स्टेटकडे गेला. कोणाचं काही बिघडलं नाही. मॅचेस झाल्या, लाखाच्या वर माणसं आली. २०१० मध्ये बॉक्सवाल्या इमारती पूर्ण झाल्या, क्षमता १,०९,९०१ झाली, पहिला नंबर परत आला. पुढे २०१५ मध्ये ती पुन्हा खाली आली, आजच्या १,०७,६०१ वर.

तडजोड पूर्ण न्याय होती का? हिशोब करा. १,०९,९०१ मध्ये ३२९. शंभरात एक सोडा, हजारात तीन. पण शंभराच्या आतून सव्वातीनशेवर आणि कडेवरून वेगवेगळ्या ठिकाणी, हे खटल्याशिवाय झालं नसतं. ज्या विस्तारीकरणात ऐंशी काचेच्या खोल्यांचा नकाशा पहिल्या दिवसापासून तयार होता, त्यात व्हीलचेअरच्या जागा पुरेशा याव्यात म्हणून माजी सैनिकांना कोर्टात जावं लागलं. माझा मुद्दा एवढाच आहे. वाढवणाऱ्याच्या डोक्यात आधी कोण येतं आणि कोणाला दार वाजवावं लागतं, यावरून विस्तारीकरण ओळखावं.

एक गट अजून राहिला. स्वतः खेळाडू. लाखभर लोक ज्यांना बघायला येतात त्या मुलांना शिष्यवृत्ती मिळायची, शिक्षण आणि राहणं-खाणं मिळायचं, पण कमाईतला वाटा नाही. प्रशिक्षक मात्र इतके श्रीमंत झाले की अमेरिकेतल्या अनेक राज्यांत सर्वाधिक पगार घेणारा सरकारी नोकर म्हणजे सरकारी विद्यापीठाचा फुटबॉल किंवा बास्केटबॉल प्रशिक्षक. खेळाडूंनी आपल्या नावाची जाहिरात केली तर बंदी. जून २०२१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने कॉलेज खेळांच्या संघटनेविरुद्ध निकाल दिला आणि त्याच वर्षी १ जुलैपासून खेळाडूंना आपल्या नावावर पैसे कमवायला मोकळीक मिळाली. जून २०२५ मध्ये आणखी एका खटल्यात तडजोड मंजूर झाली, आता विद्यापीठं थेट खेळाडूंना कमाईतला वाटा देऊ शकतात, पहिल्या वर्षी प्रत्येकी साधारण दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत. १९२७ पासून मोजलं तर ९८ वर्षं लागली. आणि आता हा पैसा आणायचा कुठून, म्हणून अजून बॉक्स, अजून गादीच्या खुर्च्या. पेन स्टेटने २०२४ मध्ये आपल्या स्टेडियमच्या ७० कोटी डॉलरच्या नूतनीकरणाला मंजुरी दिली. शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाने तर जुनं ४७ हजारांचं पाडून ३५ हजारांचं नवं स्टेडियम काढलं. जागा कमी, पण महाग. म्हणजे 'एक लाख' हा आकडाही आता श्रीमंतीची खूण राहिलेला नाही. स्वस्त बाकं भरपूर असणं ही उद्या जुन्या काळातली गोष्ट होईल.

मग फॉरवर्ड करणाऱ्या मित्रांनो, "आणि आपण?" याचं उत्तर काय?

माझं मत सरळ आहे. त्यांच्याकडे लाखाचं स्टेडियम आहे म्हणून ते पुढे आहेत असं मला वाटत नाही. वर्षाला सात-आठ दिवस भरणारी परात हा पुढारलेपणाचा पुरावा नाही, आणि ती तशी आपल्याकडे नाही याचं मला दुःखही नाही. मला हेवा वाटला तो दुसऱ्या गोष्टींचा. १९२६ मध्ये प्राध्यापक विचारू शकले की हे कशाला, आणि त्यांना उत्तर द्यावं लागलं. १९३४ मध्ये संस्था चुकली, हेर लावला, पण विद्यार्थ्यांच्या सह्यांचे कागद राहिले, म्हणून आज नव्वद वर्षांनी इथे बसून मला ते वाचता येतं. २००६ मध्ये कोणी कशाला मत दिलं हे नोंदलं गेलं. २००७ मध्ये काही माजी सैनिक खटला भरू शकले आणि वर्षभराच्या आत निकाली निघाला. आकडे सगळे उघड आहेत. मला तालुक्याच्या गावात, मोबाइलवर, दोन रात्रीत सापडले. एखाद्या जवळच्या मैदानाचे तेवढे आकडे काढायला मला माहितीच्या अधिकाराचे अर्ज करावे लागतात आणि महिने जातात.

आणि त्यांनीही चुका केल्या, हे विसरू नका. भव्य बांधलं की आपोआप न्याय झाला, असं तिथेही झालं नाही. काळ्या खेळाडूला, मुलींना, व्हीलचेअरवाल्याला, खुद्द खेळणाऱ्या पोरांना, प्रत्येकाला नंतर जागा मिळाली. मागितल्यावर मिळाली. काहींना कोर्टातून मिळाली.

म्हणून यापुढे कुठल्याही भव्य गोष्टीचा फोटो पुढे पाठवताना, मग ती अमेरिकेतली असो की आपल्या गावातली, क्षमतेच्या आकड्याखाली तीन ओळी वाढवा. पैसे कोणी दिले? चांगल्या जागा कोणाला? आणि माझ्या मित्राची व्हीलचेअर आत जाते का? उत्तरं मिळाली नाहीत तर फोटो पाठवा, पण अभिमानाचे इमोजी थोडे थांबवून ठेवा.

ग्रुपवर मित्राला मी काल रात्री उत्तर टाकलं. "जाते रे. २००८ पासून नीट जाते. ३२९ जागा आहेत, शेजारी सोबत्याची खुर्ची पण आहे. पण त्यासाठी तुझ्यासारख्यांना कोर्टात जावं लागलं."

त्याचा रिप्लाय आला, "बरं. मग आपल्या शाळेच्या मैदानाला फाटकापाशी ती पायरी आहे ना, तिचं काय करायचं?"

एक पायरी आहे. सहा इंचांची. त्याच शाळेत आमच्या बॅचचं स्नेहसंमेलन आहे, सगळ्यांनी होकार दिलाय, आणि फाटकाजवळ कोणी त्याला उचलून आत नेणार असं आम्ही सगळ्यांनी न बोलता गृहीत धरलं होतं. त्याला विचारलं नव्हतं.

शनिवारी सकाळी मी आणि अजून दोघं मुख्याध्यापकांना भेटायला जातोय. उताराला किती सिमेंट लागतं हे आमच्या बॅचमधल्या गवंडीकाम करणाऱ्या मित्राने सांगितलंय. वर्गणी काढायची गरज पडणार नाही इतकं कमी. ज्यांना यायचं असेल त्यांनी यावं. काय झालं ते इथेच लिहीन.